पाठकोऱ्या कागदावरचा संगणक

आमच्या घरातल्या पहिल्या संगणकाचं कोटेशन एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं होतं. एका बाजूला कुठल्याशा क्लासच्या झेरॉक्स नोट्स. दुसऱ्या बाजूला निळ्या पेनाने एकाखाली एक लिहिलेल्या ओळी: सेलेरॉन प्रोसेसर, मदरबोर्ड, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, सीडी ड्राइव्ह, १५ इंची मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड, माउस, स्पीकर. प्रत्येक ओळीपुढे किंमत आणि खाली बेरीज, चाळीस हजारांच्या थोडी अलीकडे. बेरजेच्याही खाली, कुठलाच आकडा न लिहिता, दोन शब्द: ‘सॉफ्टवेअर सोबत’.

साल १९९९, दसऱ्याच्या आधीचे दिवस. लिहिणारा होता आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारा, इंजिनिअरिंगला असलेला दादा. कागदावर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, सही नाही. तरी त्या कागदाच्या भरवशावर बाबांनी कामावरच्या पतपेढीतून कर्ज काढलं. नेरूळच्या घरांत संगणक कसा आला हे सांगायचं तर सुरुवात अशाच कागदांपासून करावी लागते. मॉल फार नंतर आला.

तेव्हाचं नेरूळ डोळ्यांपुढे आणायला हवं. सिडकोची स्थापना १९७० ची, पण नेरूळला लोकल पोहोचली १९९३ मध्ये. मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी वाशीला आली होती ती आदल्याच वर्षी, १९९२ ला. नवी मुंबई महानगरपालिकाही १९९२ चीच. म्हणजे आमचा संगणक आला तेव्हा स्टेशनला जेमतेम सहा वर्षं झाली होती. सिडकोच्या एन.एल. टाइपच्या बुटक्या इमारती, सेक्टरच्या मधोमध दुकानांची एक रांग, आणि नेरूळ, शिरवणे, करावे, दारावे, सारसोळे या आगरी-कोळ्यांच्या गावांच्या कडेने साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडांवर वर येणारी नवी बांधकामं. रांगेत किराणा, पिठाची गिरणी, शिंपी, डॉक्टर, एसटीडी बूथ. आमच्या आसपास संगणक काचेमागे मांडून विकणारं दुकान मात्र आम्हाला माहीत नव्हतं.

यात एक गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. मुंबईची गर्दी हलवण्यासाठी सरकारने घाऊक बाजार इकडे आणले. कांदा-बटाटा आला, फळं आली, धान्य आणि मसाला वाशी-तुर्भ्याला आला, लोखंडाचा बाजार कळंबोलीला गेला. संगणकाचा बाजार मात्र ग्रँट रोडलाच राहिला, कारण तो कुणी ठरवून वसवलेलाच नव्हता. त्यामुळे नेरूळच्या माणसाला कांदा दोन-चार स्टेशनांवर मिळायचा, पण रॅमसाठी हार्बर लाइनने कुर्ला, तिथून दादर, दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड अशा तीन गाड्या कराव्या लागायच्या.

अमेरिकेत याच्या नेमकं उलट घडलं होतं. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला तेव्हा तो कॉम्प्युटरलँड या साखळीत आणि सिअर्सच्या खास दालनांत ठेवला. ज्या सिअर्सकडून घरातला फ्रिज आणि धुलाई यंत्र घ्यायचं, त्याच नावावर विसंबून लोकांनी संगणक घेतला. आपल्याकडे तेव्हा परवाने आणि आयात शुल्क यांच्या भिंती होत्या. राजीव गांधी पंतप्रधान झाल्यावर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९८४ मध्ये, नवं संगणक धोरण आलं आणि सुटे भाग आणणं थोडं सोपं झालं. त्याच सुमाराला ‘क्लास’ योजनेतून काही शाळांत बीबीसी मायक्रो संगणक दिसू लागले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस डेसिबेल्स कंपनीने ‘डीबी स्पेक्ट्रम’ हा टीव्हीला जोडायचा घरगुती संगणक भारतात विकला. ज्यांच्या घरी तो होता त्यांना कॅसेटवरून प्रोग्रॅम चढताना होणारा कर्कश आवाज आजही आठवत असेल. पण हे सगळं मोजक्या घरांपुरतं राहिलं. मध्यमवर्गाच्या आवाक्यात संगणक आला तो नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि दुकानातून नव्हे तर सुट्या भागांतून आला. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला. त्या वेळापत्रकाप्रमाणे २००५ पर्यंत संगणकावरचं आणि त्याच्या बहुतेक भागांवरचं आयात शुल्क शून्यावर यायचं होतं. दर सहा महिन्यांनी किंमत उतरायची ती यामुळेही. म्हणून त्या काळात प्रत्येक घरी एकच वाद असे: आत्ता घ्यावा की दिवाळीपर्यंत थांबावं.

ब्रँडेड संगणक होतेच. एचसीएल होती, विप्रो होती, मुंबईची झेनिथ होती. केंद्र सरकारी नोकरदारांना तर घर आणि वाहनासारखं संगणकासाठीही अग्रिम मिळायचं, आणि पक्कं बिल लागत असल्याने त्यांचा ओढा ब्रँडेडकडे असे. बाकीच्यांसाठी असेंबल्ड. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असायचा, आणि त्या फरकात यूपीएस, प्रिंटर आणि लाकडी कॉम्प्युटर टेबल बसून जाई.

म्हणून ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव काही पुसलं गेलं नाही. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हात ‘शोले’ पाच वर्षं चालला. याच रस्त्यावरच्या नाझ इमारतीत चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. रेडिओचे सुटे भाग, मग टेपरेकॉर्डरचे, मग टीव्हीचे, आणि शेवटी संगणकाचे असा तिथला धंदा पिढीगणिक बदलत गेला. मुलाने वडिलांच्या गल्ल्यावर बसून व्हॉल्व्हच्या जागी मदरबोर्ड विकायला घेतला, इतका सरळ तो बदल होता.

आम्ही गेलो त्या दिवशी बाबांनी पैसे बनियनच्या आतल्या खिशात ठेवले होते. दादा पुढे, आम्ही मागे. तो एका दुकानातून कॅबिनेट घ्यायचा, दुसऱ्यातून मदरबोर्ड, तिसऱ्यातून हार्ड डिस्क, आणि प्रत्येक ठिकाणी शंभर-दोनशे रुपयांसाठी दहा मिनिटं उभा राहायचा. दुकानं एवढी अरुंद की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि दुकानदार काउंटरमागे खोक्यांत बुडालेला. प्रत्येक भागावर दुकानदार एक बोटभर कागदी स्टिकर चिकटवायचा. त्यावर दुकानाची दोन-तीन अक्षरं, एक ते बारा महिन्यांचे आकडे आणि साल. विक्रीच्या महिन्यावर पेनाने गोल केला की झाली वॉरंटी. स्टिकर फाटला तर वॉरंटी गेली. बिल कच्चं हवं की पक्कं हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आला, आणि पक्क्यावर विक्रीकर लागणार म्हटल्यावर बाबा जरा वेळ गप्प उभे राहायचे. त्यांना पक्कंच हवं असे, पण पतपेढीचं कर्ज मोजकं होतं.

मॉनिटर लोकलने आणणं शक्य नव्हतं. बारा-तेरा किलोचं काचेचं धूड गर्दीत कुठे धरणार? काळी-पिवळी टॅक्सी केली. बाबा पुढे बसले, मागे मी आणि दादा, मध्ये मॉनिटरचं खोकं. वाशीच्या पुलावर टॅक्सीचालकाने विचारलं, टीव्ही घेतला का? बाबा म्हणाले, नाही, कॉम्प्युटर. हा शब्द त्यांनी त्या दिवशी ज्या स्वरात उच्चारला तसा मी पुन्हा ऐकला नाही.

दादाने संध्याकाळी जमिनीवर चादर अंथरून सगळं जोडलं. आधी नळाला हात लावून आला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. हार्ड डिस्कच्या मागच्या जम्परची इवलीशी काळी टोपी चिमट्याने उपसून दुसऱ्या दांड्यांवर बसवली. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा पडदा काळाच राहिला. आईने देवाजवळ हात जोडले. दादाने रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवलं, पुन्हा बसवली. एकच छोटा बीप आला आणि अक्षरं धावू लागली. खोडरबराने रॅम पुसायची ही युक्ती पुढे वीस वर्षं मला उपयोगी पडली. दसऱ्याला आईने कॅबिनेटला हळद-कुंकू वाहिलं आणि झेंडूचं फूल ठेवलं. जुन्या पडद्याचं कव्हर तिने आधीच शिवून ठेवलं होतं. चपला घालून त्या खोलीत जायला आम्हाला बरीच वर्षं मनाई होती.

आता ‘सॉफ्टवेअर सोबत’ या दोन शब्दांकडे यायला हवं, कारण या इतिहासातला अवघड भाग तिथे आहे. विंडोज ९८, ऑफिस, एक विश्वकोश, तीन-चार गेम्स: सगळं मार्करने नाव लिहिलेल्या चंदेरी सीड्यांवरून आलं. सीडीच्या वेष्टनावर पंचवीस अक्षरांची किल्ली हाताने लिहिलेली. हे बेकायदा आहे हे आमच्या घरी कुणाच्या मनातही आलं नाही. कायदा होता. कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती मे १९९५ पासून लागू झाली आणि तिच्यात चोरलेली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांची कैद आणि किमान पन्नास हजारांचा दंड आहे. दंडाची ही रक्कम आमच्या संगणकापेक्षा जास्त होती. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्सच्या पाहणीत २००३ साली भारतातल्या सॉफ्टवेअरपैकी ७३ टक्के विनापरवाना निघालं, आणि २०११ मध्येही ते प्रमाण ६३ टक्के होतं. अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या कुख्यात बाजारांच्या यादीत लॅमिंग्टन रोडचं नाव गेलं ते उगाच नाही.

मला वाटतं, आम्हाला सॉफ्टवेअर ही वस्तू आहे हेच कुणी दाखवलं नव्हतं. अमेरिकेतल्या मॉलमध्ये ते रंगीत पुठ्ठ्याच्या खोक्यात, फळीवर, किंमत लावून उभं असे. मुलगा ते उचलून आईकडे हट्ट करू शके. आमच्याकडे ते कोटेशनच्या तळाशी आकड्याविना आलं, पितळी भांड्याबरोबर झाकण यावं तसं.

याला दोन अपवाद होते आणि दोन्ही पुण्याचे, याचा मला मनापासून आनंद आहे. पहिला मराठी टंकांचा. मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घेतलं की सोबत एक छोटं हार्डवेअर लॉक यायचं. ते प्रिंटरच्या पोर्टला लावल्याशिवाय मराठी अक्षर उमटत नसे. लग्नपत्रिका छापणारे, शाळांचे अहवाल करणारे डीटीपीवाले ते लॉक रात्री कुलपात ठेवायचे. चोरून वापरता येणार नाही असं सॉफ्टवेअर मी पहिल्यांदा पाहिलं ते मराठीचंच.

दुसरा क्विक हीलचा. साताऱ्याजवळच्या रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. पुढे त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचं छोटं दुकान थाटलं. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने आजारी असत. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते, त्यांनी त्यावर उतारा लिहिला. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने २००७ मध्ये आपल्या उत्पादनाचं नाव घेतलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ती शेअर बाजारात आली. २६ एप्रिल १९९९ ला चेर्नोबिल व्हायरसने जगभरचे संगणक बंद पाडले, मदरबोर्डवरची बायोसची चिपसुद्धा पुसून टाकली. त्यानंतर लोक खरंच घाबरले. आमच्या घरी विंडोज फुकट आलं, ऑफिस फुकट आलं, पण अँटिव्हायरस खोक्यात, बिलासकट, दरवर्षी विकत आला. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांत पैसे मोजून घेतलेलं पहिलं सॉफ्टवेअर हेच. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून ते विकलं, म्हणून ते घरोघर पोहोचलं.

२००१ नंतर सेक्टरच्या रांगेतही संगणक दिसू लागला. त्याचं मोठं श्रेय एमकेसीएलला द्यायला हवं. राज्य सरकारच्या पुढाकाराने २००१ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गल्लोगल्ली गेला. सरकारी नोकरीला तो आवश्यक ठरला, आणि मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्यांची वेतनवाढ अडू लागली. आई शिक्षिका. तिच्याबरोबरच्या पन्नाशीला टेकलेल्या बाया संध्याकाळी शाळा सुटल्यावर वह्या घेऊन क्लासला बसायच्या, माउस हातात धरताना मनगट ताठ करायच्या. क्लासच्या शेजारच्याच गाळ्यात मग दुरुस्तीचं दुकान निघालं, त्यात शाई भरून देणारा आला, मग सुटे भाग आले. लॅमिंग्टनला घालायचे हेलपाटे कमी झाले. फॉरमॅट मारायला मुलगा घरी यायचा, चहा घ्यायचा, आईला काकू म्हणायचा.

मॉल या सगळ्याच्या जोडीने आला. मुंबईत हाजी अलीचा क्रॉसरोड्स १९९९ मध्येच उघडला होता. गर्दी आवरेना म्हणून तिथे काही काळ मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवल्याशिवाय, नाहीतर साठ रुपये भरल्याशिवाय, आत सोडत नसत. आमच्या बाजूला आधी वाशीचं सेंटर वन, मग स्टेशनला लागून रघुलीला, मग इनऑर्बिट. टाटांच्या क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये जुहूला सुरू झालं. विजय सेल्स तर १९६७ पासूनचं, माहीममधून वाढलेलं. अशा साखळ्या खाडी ओलांडून आल्या आणि लॅपटॉप उघडे करून टेबलांवर मांडले गेले.

आईला घेऊन मी पहिल्यांदा अशा दालनात गेलो तो दिवस मला या सगळ्या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो. एक तरुण सेल्समन म्हणाला, मॅडम, बसून बघा. आई बसली. तिने मराठीत आपलं नाव लिहायचा प्रयत्न केला. एक तास ती तिथे होती आणि कुणी तिला उठवलं नाही. लॅमिंग्टनच्या त्या अरुंद काउंटरवर ती कधी आलीच नव्हती. तिथे तिला उभं राहायला जागाच नव्हती. घरातला पहिला संगणक तिने बघितला, पुजला, पुसला, पण निवडला नव्हता. मॉलमध्ये किमतीची चिठ्ठी सगळ्यांना सारखी होती. घासाघीस येत नाही म्हणून कुणी फसत नव्हतं. हप्ते शेजारच्या टेबलावर ठरायचे, बिल पक्कंच असायचं, आणि विंडोज आतच, रीतसर, किमतीत धरलेलं. ज्या बाईला बाजारात कुणी विचारलं नाही तिला मॉलने खुर्ची दिली. मॉलवर टीका करणाऱ्यांनी हे विसरू नये असं मला वाटतं.

जे हातचं गेलं तेही सांगतो. दादाच्या कोटेशनमधली प्रत्येक ओळ आम्हाला पाठ होती. आत काय आहे आणि ते का आहे हे बाबांना, ज्यांनी आयुष्यात स्क्रू-ड्रायव्हरपलीकडे काही हाताळलं नव्हतं, त्यांनाही सांगता येत असे. लॅपटॉपच्या बाबतीत आम्ही फक्त रंग आणि जीबी विचारत राहिलो. बिघडला की सर्व्हिस सेंटरचा टोकन नंबर, आणि तीन आठवड्यांनी मदरबोर्ड बदलावा लागेल असा फोन. एकदा तर आतला सगळा डेटा न विचारता पुसून मशीन परत आलं, बाबांच्या शेवटच्या आजारपणातले फोटो त्यात होते. सेक्टरमधला मुलगा हात लावण्याआधी विचारायचा: काकू, यात काही महत्त्वाचं आहे का?

त्याच वर्षांत इमारतीतली मुलं अमेरिकेला जाऊ लागली आणि येताना लॅपटॉप आणू लागली. प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो, त्यामुळे सुट्टीला येणाऱ्या प्रत्येकाकडे आधीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असे. इथे आल्यावर प्लग बसायचा नाही, मग सेक्टरच्या रांगेतून अडॅप्टर.

२०१७ मध्ये सीवूड्स-दारावे स्थानकाच्या वर ग्रँड सेंट्रल मॉल उघडला आणि मॉल नेरूळच्या दारात आला. लोकलमधून उतरून सरकत्या जिन्याने थेट आत. पण तोवर लोक दालनात हात लावून बघायचे आणि घरी येऊन फोनवरून मागवायचे. मॉलमधला संगणक दाखवण्याची वस्तू झाला होता.

मग जून २०२०, कोरोनाची टाळेबंदी. मॉल बंद, आणि ते उघडणार होते थेट ५ ऑगस्टला. शाळा ऑनलाइन सुरू झालेली. घरात लॅपटॉप एक आणि बसणारे दोन, मी आणि माझा दुसरीतला मुलगा. कुरिअरवाले आठवड्यांच्या तारखा देत होते. माळ्यावर जुना डेस्कटॉप होता. कॅबिनेट तेच १९९९ चं, आतला मदरबोर्ड २००८ मध्ये बदललेला. त्या दिवसांत रस्त्याच्या एका बाजूची दुकानं एक दिवस आणि समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडायची. आमच्या रांगेचा दिवस बघून मी ते धूड खांद्यावर घेऊन गेलो. दुकानात नवा मुलगा होता, विशी-बाविशीचा, मास्क लावलेला. त्याने बाजूचा पत्रा काढला, धूळ फुंकली, रॅमची पट्टी उपसून तिच्या कडेवरून खोडरबर फिरवलं. मग पट्टीवरचा स्टिकर उजेडात धरला. गोल केलेला महिना पुसट झाला होता, पण अक्षरं वाचता येत होती.

“लॅमिंग्टनचा माल आहे, दादा. हा माणूस अजून बसतो तिथे.” त्याने फोन लावला, उभ्या उभ्या भाव ठरवला, आणि टेबलावरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं: रॅम, एसएसडी, वेबकॅम, मजुरी. “माल उद्या येईल,” तो म्हणाला, “पण उद्या आपल्या बाजूची दुकानं बंद. परवा सकाळी या.”